कटि आणि कात्री

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक खोकें आलें. त्यांत काळ्या रबरी कापडाचा, पुढें आंकड्यांच्या तीन रांगा असलेला आणि आंतून पोलादी पट्ट्या शिवलेला असा एक रुंद पट्टा निघाला. आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीनें तो घरबसल्या मागविला होता. येत्या मार्गशीर्षांत तिचें लग्न आहे. पट्टा कशासाठीं म्हणून विचारतां ती म्हणाली, हा रोज सहा तास आवळून बांधावयाचा; म्हणजे कंबर बारीक होते आणि शालू अंगावर चांगला बसतो.

आम्हीं आयुष्याचीं चौतीस वर्षें शिक्षकाच्या पेशांत घालविलीं असल्यामुळें व्याख्यानास आम्हांस पूर्वतयारी लागत नाहीं. इतिहासाच्या तासाला विषय निघाला कीं आम्ही वर्गांत सांगत असूं कीं, युरोपांतील स्त्रिया कॉर्सेट नांवाचें चिलखत घालून कंबर तेरा इंचांवर आणीत, त्यासाठीं खालच्या बरगड्या कापून काढवीत, आणि श्वास कोंडून भर दिवाणखान्यांत मूर्च्छित पडत. तेंच सर्व आम्हीं मुलीस ऐकविलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अण्णाआजोबा, हें तुम्हीं कोठें वाचलेंत?" आम्हांस सांगतां येईना. तेवढ्यावर ती थांबली नाहीं. "आणि तुमच्या सदऱ्याखालीं काय आहे?" असा दुसरा प्रश्न आला. आमच्या सदऱ्याखालीं गेलीं दोन वर्षें डॉक्टरांनीं दिलेला पाठदुखीचा पट्टा असतो. त्याच्याही पाठीशीं चार पोलादी पट्ट्या आहेत, आणि तो बांधल्याशिवाय आमच्यानें पूजेला बसवत नाहीं. माजघरांत हंशा पिकला. आम्ही आमच्या खोलींत परत आलों.

त्या दिवसापासून आम्हीं या विषयाचा जमेल तेवढा शोध घेतला. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत आमच्याच जुन्या विधानांची दुरुस्ती पुष्कळ आहे. आमचे जुने विद्यार्थी हें वाचीत असतील तर त्यांनीं आपल्या वह्या सुधारून घ्याव्या.

प्रथम वस्तूचा परिचय. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपांतील स्त्रिया जें अंगाशीं घट्ट बसणारें, पट्ट्यांनीं ताठ केलेलें वस्त्र घालीत, तें कंबर विशेष बारीक करण्यासाठीं नव्हतें. त्यानें धड वरून रुंद व खालीं निमुळतें, म्हणजे उलट्या शंकूसारखें दिसे, आणि बाई ताठ बसे. ताठ बसणें हें कुलीनतेचें लक्षण होतें. त्यांत ज्या पट्ट्या घालीत त्यांस इंग्रजींत देवमाशाचें हाड म्हणतात, पण तें हाड नव्हे. कांहीं जातींच्या देवमाशांस दांत नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यापासून चिवट, लवचिक पात्यांचा पडदा लोंबत असतो, व त्यानें ते समुद्राच्या पाण्यांतून आपलें सूक्ष्म अन्न गाळून घेतात. हीं पातीं आपल्या नखांच्या जातीचीं. तीं उभीं चिरतां येतात, ऊब मिळाली कीं अंगाप्रमाणें वळतात आणि मोडत नाहींत. स्त्रियांच्या कंबरेपायीं उत्तर समुद्रांतील किती जीवांची हत्या झाली, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुढच्या बाजूस मधोमध लांकडाची किंवा हस्तिदंताची एक सपाट फळी सरकवीत. प्रियकर व दर्यावर्दी लोक ही फळी कोरून आपल्या प्रियेस भेट देत. भेट कल्पक खरी. वापरणारीस वांकतां येत नसे, एवढेंच.

कंबर खरोखर आवळतां येऊं लागली ती एकोणिसाव्या शतकांत, आणि तिचें कारण वाचून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. तोंपर्यंत नाडी ओंवण्याचीं भोंकें दोऱ्यानें काजें करून मजबूत करीत. जोरानें ओढलें कीं काज फाटे. म्हणजे वस्त्रच मर्यादा घालून देई. १८२० नंतरच्या दशकांत या भोंकांना धातूचीं बारीक कडीं बसविण्याची युक्ति निघाली, आणि ओढणाऱ्याच्या जोराला कापडाचा आडकाठा राहिला नाहीं. शतकाच्या मध्याच्या सुमारास पुढची फळी पोलादाची व दुभंग, आंकड्यांनीं उघडणारी झाली. मग दासीवांचूनही कॉर्सेट घालतां-काढतां येऊं लागलें व तें सरदारांच्या वाड्यांतून गिरणी-कामगारिणीच्या खोलींत शिरलें. १८६८ साली एडविन आयझॉड नांवाच्या इंग्रज कारखानदारानें तांब्याच्या पोकळ धडावर खळ लावलेलें कॉर्सेट चढवून, आंत वाफ सोडून, त्यास कायमचा आकार देण्याची रीत काढली. आपल्या नातीच्या पट्ट्याचे आंकडे आम्हीं नीट पाहिले. रबर नवें, घडण तीच.

आतां तेरा इंचांविषयीं. या आंकड्याचा मोठा आधार म्हणजे एक कौटुंबिक मासिक आहे, हें सांगतांना आमची लेखणी किंचित् अडखळते. लंडनच्या बीटन दांपत्याचें इंग्रज गृहिणींसाठीं निघणारें मासिक १८५२ साली सुरू झालें. १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या पत्रव्यवहाराच्या पानांत कंबर आवळण्याविषयीं पत्रांचा पाऊस पडला. कोणी लिही, शाळेंत असतांना माझी कंबर इतकी इतकी कमी केली. कोणी लिही, मला त्यांत आनंद वाटतो. कोणी धिक्कार करी. कांहीं पत्रें इतकीं चवीनें लिहिलेलीं आहेत कीं, तीं खऱ्या गृहिणींचीं नसून कल्पनाविलासी पुरुषांचीं असावींत, असा अभ्यासकांस दाट संशय आहे. उलट पक्षीं, प्रत्यक्ष वस्तु काय सांगतात तें पहावें. इंग्लंडांत मार्केट हार्बरो येथें सिमिंग्टन घराण्याचा कॉर्सेटांचा मोठा कारखाना होता; तेथील जुना संग्रह लेस्टरशायरच्या संग्रहालयाकडे आहे. त्यांतील बहुतेक कॉर्सेटें २० ते २६ इंचांच्या दरम्यान भरतात. १८ इंचांच्या खालीं जात नाहींत. शिवाय कॉर्सेट मागच्या बाजूस पूर्ण मिटवीत नसत. दोन इंच, कधीं अधिक, फट ठेवून नाडी बांधीत. म्हणजे वीस इंचांचें कॉर्सेट घालणारी बाई बावीस-तेवीस इंचांची असे. व्हॅलेरी स्टील या विदुषीनें कॉर्सेटाचा सांस्कृतिक इतिहास २००१ साली प्रसिद्ध केला, त्यांत ही सर्व छाननी आहे. बरगड्या कापण्याची कथा तर सपशेल टाकाऊ ठरते. भूल देण्याची विद्या १८४६ पूर्वी नव्हती, जखम निर्जंतुक ठेवण्याची रीत लिस्टरनें १८६७ साली मांडली; त्या काळीं शोभेसाठीं छाती उघडणें म्हणजे मरणाला आमंत्रण. तशा शस्त्रक्रियेचा विश्वसनीय पुरावा कोणास सांपडलेला नाहीं.

म्हणून तें वस्त्र निरुपद्रवी होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. अकरावी व बारावी बरगडी पुढें कोणत्याही हाडाला जोडलेली नसते. दाब आला कीं ती आंत वळते. लहान वयापासून आवळलें तर तशीच राहते. ज़ोमरिंग नांवाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १७८८ साली या वस्त्रांच्या दुष्परिणामांवर निबंध लिहिला. पोट दाबलें म्हणजे श्वासपटलास खालीं उतरावयास जागा उरत नाहीं, श्वास छातीच्या वरच्या भागांतच घुटमळतो. जिना चढतांना किंवा नाचतांना भोंवळ येते. मूर्च्छेची गोष्ट आम्हीं सांगितली ती एवढ्यापुरती खरी होती. जेवण झाल्यावर आंबट पाणी घशाशीं येतें, आणि वर्षानुवर्षें आधार मिळाल्यानें पाठीचे स्नायु आळशी होतात. (हें शेवटचें वाक्य आमच्या डॉक्टरांनींही आम्हांस ऐकविलें आहे.) परंतु वैद्यांनींही या वस्त्राच्या माथीं नको तें मारलें. क्षयरोगाचें खापरसुद्धां त्यावर फोडीत. १८८२ साली कॉखनें क्षयाचा जंतु दाखविला, तेव्हां कोठें तें उतरलें. आणि एक गंमत: १९०० च्या सुमारास पॅरिसच्या गाश-सारोत नांवाच्या डॉक्टरीणबाईंनीं पोटावर भार पडूं नये म्हणून पुढून सरळ असलेलें आरोग्यदायी कॉर्सेट काढलें. फॅशननें तें उचललें, आणखी आवळलें, आणि छाती पुढें व पार्श्वभाग मागें अशी नागमोडी आकृति निर्माण केली. पाठदुखी बरी करावयास निघालेली वस्तु पाठ मोडून गेली.

पुरुषांनाही यांतून वगळतां येत नाहीं. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज आपल्या विशाल उदरास कॉर्सेट घालीत असे. हें वाचून आमच्या पट्ट्यास थोडीशी राजमान्यता मिळाल्याचें समाधान झालें.

एक प्रसंग मात्र वाचल्यापासून मनांतून जात नाहीं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ आपल्या वीस इंचांच्या आंतबाहेरच्या कंबरेसाठीं युरोपभर प्रसिद्ध होती. व्यायाम, उपवास आणि आवळणें यांत तिचा दिवस जाई. १८९८ च्या १० सप्टेंबरला जिनिव्हाच्या सरोवराकांठीं एका अराजकवाद्यानें तिच्या छातींत टोंकदार कानस खुपसली. धक्का बसला एवढेंच समजून ती उठली, चालत जाऊन बोटीवर चढली, आणि मग कोसळली. नाड्या कापून वस्त्र सैल केलें तेव्हां खरा प्रकार कळला. थोड्याच वेळांत तिचें प्राणोत्क्रमण झालें. वस्त्र इतकें घट्ट होतें कीं त्यामुळेंच रक्तस्राव कांहीं वेळ रोखला गेला असावा, असें मानतात. जन्मभर ज्यानें श्वास रोखला, त्यानेंच तेवढीं कांहीं पावलें चालूं दिलीं.

परंतु या सर्व वाचनांत आम्हांस जी गोष्ट नवी कळली ती पुढेंच आहे. कॉर्सेट दोन किंवा तीन इंच आवळी. चित्रांत व छायाचित्रांत जी मुठींत मावेलशी कंबर दिसते, तिचें बाकीचें काम शिंपी करी.

१८३० च्या सुमारास युरोपांत बाह्या खांद्यापाशीं उशीसारख्या फुगवीत. आंत पिसें भरलेल्या गाद्यासुद्धां बांधीत. खांदे दीडपट रुंद झाले कीं कंबर आपोआप लहान दिसे. १८५६ पासून पोलादी कड्यांचा पिंजरा घागऱ्याखालीं आला. घेर एवढा वाढला कीं त्याच्या टोंकाशीं कोणाचीही कंबर देंठासारखी वाटावी. या पिंजऱ्याच्या दिवसांत कॉर्सेट फार आवळण्याची गरजही कमी झाली. पुढें पिंजरा गेला तेव्हां घागऱ्याचा फुगारा मागच्या बाजूस गेला, आणि १८९० नंतर पुन्हां मेंढ्याच्या मांडीच्या आकाराच्या बाह्या आल्या. चोळीच्या शिवणी छातीवरून तिरप्या येऊन कंबरेशीं एकत्र मिळत व खालीं टोंक करीत; डोळा त्या रेघांबरोबर आंत ओढला जाई. १८७० नंतर कंबरेवरची आडवी शिवण काढून टाकून खांद्यापासून खालपर्यंत उभ्या लांब शिवणींनींच अंगाचा आकार काढण्याची रीत लोकप्रिय झाली. तिला राजकन्येचें नांव मिळालें. आज आपल्या गल्लींतला शिंपी बायकांना "प्रिन्सेस कट घालूं कीं चार टक्स?" असें विचारतो, तो याच रीतीचा वारस आहे. आम्ही हें नांव घरांत इतके वेळां ऐकलें होतें, पण त्याचें गोत्र ठाऊक नव्हतें.

पहिल्या महायुद्धापूर्वींच पॅरिसच्या प्वारे या शिंप्यानें कंबर उंच नेऊन कॉर्सेट निरुपयोगी केलें आणि आपण स्त्रियांना मुक्त केलें असें तो मिरवूं लागला; लगेच त्यानें घोट्यापाशीं इतका अरुंद घागरा काढला कीं मुक्त झालेल्या स्त्रियांना चालतां येईना. युद्धांत बायका कारखान्यांत गेल्या व जुनें कॉर्सेट मागें पडलें. पण कंबर पुन्हां आली. १९४७ च्या १२ फेब्रुवारीस ख्रिस्तियन दिओर यानें पॅरिसमध्यें आपले नवे पोषाख दाखविले. इंग्लंडांत कापडावर १९४९ पर्यंत नियंत्रण होतें, आणि येथें एकेका घागऱ्याला वारेच्या वार कापड! त्यांतला प्रसिद्ध पांढरट कोट नीट पाहिला तर रहस्य उघड होतें: कंबरेशीं तो चापून बसविला आहेच, पण तिच्या खालीं, नितंबांवर, आंतून अस्तर भरून तो फुगविला आहे.

येथें आम्हांस आमच्या जुन्या विद्येची आठवण होणें क्रमप्राप्त आहे. सुमध्यमा, कृशोदरी अशीं संबोधनें आपल्या कवींनीं मुक्तहस्तानें वापरलीं आहेत, तेव्हां बारीक कंबरेचें वेड फक्त विलायती, असें म्हणण्याची आम्हांस सोय नाहीं. पण छंदःशास्त्रांत याच नांवाच्या दोन गोष्टी आहेत. वैदिक छंदांत तीन चरणांपैकीं मधला चरण आखूड असला कीं त्यास पिपीलिकमध्या, म्हणजे मुंगीच्या कंबरेची, म्हणतात. युरोपीयांनीं गांधीलमाशीची उपमा दिली, आपल्या ऋषींना मुंगी दिसली. तेथें मधलीं अक्षरें खरोखरच कमी केलेलीं असतात. दुसरें वृत्त तनुमध्या. त्याच्या चरणांत सहा अक्षरें: दोन गुरु, दोन लघु, दोन गुरु. मधलें कांहींच कापलेलें नाहीं. अक्षरें दोन तिकडे, दोन इकडे, दोनच मध्यें. दोहों बाजूंना गुरु बसविल्यामुळें मधलीं दोन लहान वाटतात, इतकेंच. दिओरनें हें वृत्त वाचलें नसणार. पण आमच्या नातीला आम्हीं तें फळ्यावर, म्हणजे वाण्याच्या वहीच्या पाठीवर, लिहून दाखविलें तेव्हां ती प्रथमच आमचें बोलणें ऐकतांना हंसली नाहीं. उलट जपानी बाई किमोनो नेसतांना कंबरेभोंवतीं रुमाल गुंडाळून ती मुद्दाम भरून काढते, कां तर तें वस्त्र सरळ धडावर शोभतें. हेंही आम्हीं तिला सांगितलें.

इतकें झाल्यावर लेख येथेंच संपवावा, असा आमचा विचार होता. रात्रीं आमच्या सौभाग्यवतींना मसुदा वाचून दाखविला. बाळंतपणांत त्यांचें पोट सासूबाईंनीं जुनेरानें कसें बांधलें होतें व त्यानें कंबरेला किती आधार वाटला होता, तें त्यांनीं प्रथम सांगितलें. मग म्हणाल्या, "अहो, विलायतेचें सगळें सांपडलें. पण पोरीनें पट्टा मागविला कां, तें विचारलेंत का?"

साखरपुड्याच्या दिवशीं मुलाकडील एक वडीलधाऱ्या बाई सर्वांदेखत म्हणाल्या होत्या, "मुलगी गोड आहे हो, पण कमरेला जरा भरलेली. लग्नापर्यंत तेवढें बघा." तें वाक्य आम्हींही ऐकलें होतें. आम्ही तेथेंच, त्यांच्यापासून दोन हातांवर, पोह्यांची बशी घेऊन बसलों होतों. आणि बैठक हंसली तेव्हां आम्हीही हंसलों होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलीला हांक मारून आम्हीं सांगितलें कीं, त्या दिवशीं आम्ही हंसलों तें चुकलें. ती खालीं पाहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही हंसलांत तें मीं पाहिलें होतें." थोडा वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग तिनें आपण होऊन पट्ट्याची हकीकत सांगितली. आठ दिवस तिनें तो बांधला होता. बांधलेला असतांना टेप दोन इंच कमी दाखवी, काढल्यावर तासाभरांत कंबर पूर्ववत् होई; जेवण जात नसे आणि छातींत जळजळ. लग्नांत होमासमोर चार तास बसावयाचें कसें, याचीच तिला चिंता लागली होती. दाबलेली चरबी व आंतडीं वरखालीं सरकतात, नाहींशीं होत नाहींत, एवढें शरीरशास्त्र आम्हीं तिला सांगितलें. मुलाकडे लग्नाची अक्षत घेऊन आम्हीच जाणार आहों. त्या बाईंशीं आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. कोणते, तें अद्याप जुळलेले नाहींत.

शालूचें पोलकें शिवावयास टाकण्यासाठीं आम्ही दोघें गेल्या रविवारीं शिंप्याकडे गेलों. तो आमचा जुना विद्यार्थी निघाला. बाहीला खांद्याशीं किंचित् फुगा, पाठीवर उभ्या शिवणी, आणि पुढें प्रिन्सेस कट, असें त्या दोघांचें ठरलें. आम्हीं मध्यें तनुमध्येचा उल्लेख केला, तो त्यानें आदरपूर्वक ऐकून सोडून दिला. माप घेतांना त्यानें टेप ओढून विचारलें, "किती बसवूं, ताई?" ती म्हणाली, "पोटभर जेवून बसतां येईल इतकें." त्यानें टेप अर्धा इंच सैल सोडला, आंकडा वहींत मांडला, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड दीड बोट माया ठेवतों म्हणाला.